भिक्षूचे वस्त्र आणि पंडिताचा झगा : मातेओ रिच्चीची चिनी शिकवणी

जुन्या गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयाची आज एक कमान तेवढी उभी आहे. सोळाव्या शतकात मात्र पूर्वेकडे जाणाऱ्या जेझुईट पंथीयांचे हे मुख्य विद्यापीठ होते. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये याच आवारात सुरू झाला. १३ सप्टेंबर १५७८ रोजी लिस्बनहून आलेल्या ताफ्यातून एक पंचविशीतला इटालियन तरुण गोव्याच्या धक्क्यावर उतरला. त्याचे नाव मातेओ रिच्ची. माचेराता या गावी १५५२ मध्ये जन्मलेल्या रिच्चीने रोममध्ये क्लाव्हियस या नामांकित गणितज्ञाच्या हाताखाली शिक्षण घेतले होते. गोव्यात आणि कोचीनमध्ये त्याने सुमारे साडेतीन वर्षे काढली. तेथे तो धर्मशास्त्र शिकला, विद्यार्थ्यांना ग्रीक व लॅटिन शिकवले, आणि एप्रिल १५८२ मध्ये मकावला जाण्यासाठी त्याने गोवा सोडले. पुढची अठ्ठावीस वर्षे तो चीनमध्ये राहिला आणि ११ मे १६१० रोजी बीजिंग येथे वारला.

रिच्चीचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. परक्यांची भाषा शिकणारा आणि ती पुढे आपल्या सहकाऱ्यांना शिकवणारा हा शिक्षक कोणत्या चुका करीत गेला, त्यांपैकी कोणत्या त्याने ओळखल्या आणि कोणती अखेरपर्यंत ओळखली नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे. या कथेचे एक टोक आपल्या कोकण किनाऱ्याला बांधलेले असल्यामुळे तिच्याकडे आपणही थोडे निराळ्या नजरेने पाहू शकतो.

वैरोचनाची गोष्ट

रिच्चीच्या आधी तीस वर्षे याच महाविद्यालयात यजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ राहिला होता. फ्रान्सिस झेवियरची आणि त्याची गाठ १५४७ मध्ये मलाक्का येथे पडली. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. यजिरो बुद्धिमान होता, परंतु त्याला बौद्ध शास्त्रांचा अभ्यास नव्हता. झेवियर १५४९ मध्ये जपानात कागोशिमा येथे उतरला, तेव्हा ख्रिस्ती परमेश्वरासाठी जपानी शब्द कोणता वापरावा, हे त्याने यजिरोलाच विचारले. यजिरोने ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला.

दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध. जपानच्या शिंगोन पंथाचे ते परमदैवत आहे. झेवियर जवळजवळ दोन वर्षे रस्तोरस्ती दाइनिचीची उपासना करा, असे सांगत हिंडला. शिंगोन पंथाच्या भिक्षूंनी त्याचे आनंदाने स्वागत केले. भारतातून आलेला हा पाहुणा आपलाच धर्म सांगतो आहे, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नव्हते. १५५१ मध्ये चूक ध्यानात आल्यावर झेवियरने दाइनिचीला भजू नका असे सांगण्यास आरंभ केला आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्द तसाच वापरण्याचे ठरवले. विरोधकांनी त्या उच्चाराशी जुळणारा ‘दाइ उसो’, म्हणजे ‘मोठे असत्य’, हा शब्द शोधून काढला आणि त्याची यथेच्छ टर उडवली.

या प्रसंगातून जेझुईटांनी एक धडा घेतला. दुभाष्यावर विसंबून चालणार नाही, भाषा स्वतः आणि ग्रंथांसह शिकली पाहिजे. पूर्वेकडील कामाचा पर्यवेक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो याने मकावमध्ये हाच आग्रह धरला. चीनमध्ये जाणाऱ्याने चिनी बोलण्याबरोबर वाचणे आणि लिहिणेही शिकले पाहिजे, अशी त्याची आज्ञा होती. मकावमधील अनेक जुन्या मंडळींना हा वेळेचा अपव्यय वाटत असे.

चित्रकाराची शाळा आणि सुरांविना कोश

या आज्ञेनुसार प्रथम शिकू लागला तो रिच्चीचा सहप्रवासी मिकेले रुज्जेरी. तो १५७९ मध्ये मकावला पोहोचला. त्याला दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक मिळेना. अखेर एका चिनी चित्रकाराकडे त्याची शिकवणी सुरू झाली. चित्रकार वस्तूचे चित्र काढी आणि तिचे अक्षर व उच्चार सांगे. चित्राने घोडा शिकवता येतो, पण ‘कृपा’, ‘आत्मा’, ‘पाप’ ही चित्रे कशी काढावयाची? पुढील साऱ्या अडचणींचे बीज येथेच होते.

१५८३ मध्ये रुज्जेरी आणि रिच्ची यांना क्वांगतुंग प्रांतातील झाओछिंग या गावी राहण्याची परवानगी मिळाली. तेथे त्यांनी एक पोर्तुगीज-चिनी शब्दकोश सिद्ध केला. त्यातील मोठा वाटा रुज्जेरीचा असल्याचे आज मानले जाते. सुमारे सहा हजार पोर्तुगीज शब्द, त्यापुढे रोमन लिपीत चिनी उच्चार आणि त्यापुढे चिनी अक्षरे, अशी त्याची तीन स्तंभांची मांडणी आहे. हे हस्तलिखित रोमच्या जेझुईट दप्तरखान्यात पडून होते. ते १९३४ मध्ये प्रकाशात आले आणि २००१ मध्ये छापले गेले.

या कोशात दोन गोष्टी नाहीत. एक म्हणजे चिनी शब्दांचे सूर आणि दुसरी म्हणजे महाप्राण. मराठीत ‘हो’ हा शब्द आपण होकारार्थी, शंकेने किंवा कंटाळून निरनिराळ्या सुरांत उच्चारतो. तरी शब्द तोच राहतो. चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. आजच्या प्रमाण चिनीत ‘मा’ या एकाच ध्वनीचे सुरागणिक आई, ताग, घोडा आणि शिव्या देणे असे चार अर्थ होतात. महाप्राणाची गोष्ट तर आपल्याला अधिकच जवळची आहे. ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’ यांतील भेद आपल्याकडे पाटीवर धुळाक्षरे गिरवणारे मूल शिकते. चिनी भाषाही तो भेद पाळते. इटालियन आणि पोर्तुगीज कानांना मात्र तो अपरिचित होता, म्हणून कोशकारांनी तो टिपलाच नाही. जे आपल्या भाषेत नाही, ते दुसऱ्याच्या भाषेत ऐकूच येत नाही, हा अनुभव भाषेच्या शिक्षकाला नवा नसतो.

परमेश्वरवाचक शब्दाच्या बाबतीत झाओछिंगमध्ये एक उद्बोधक घटना घडली. जेझुईटांच्या परिचयातील एका चिनी तरुणाने आपल्या घरी वेदी मांडली आणि तिच्यावर ‘थ्येनझू’, म्हणजे स्वर्गाचा स्वामी, अशी दोन अक्षरे लिहून ठेवली. रुज्जेरी आणि रिच्ची यांनी हाच शब्द उचलला. शब्द चांगला होता, परंतु अगदी कोरा नव्हता. बौद्ध ग्रंथांत देवांच्या अधिपतीसाठी तो येऊन गेला होता. शिवाय भारताचे जुने चिनी नावही केवळ सुराच्या फरकाने ‘थ्येनझू’ असेच उच्चारले जाते. १५८४ मध्ये रुज्जेरीने चिनी भाषेत प्रसिद्ध केलेल्या धर्मपुस्तकाच्या नावात पहिला थ्येनझू आहे, आणि लेखकाने स्वतःची ओळख दुसऱ्या थ्येनझू देशाचा, म्हणजे भारताचा, भिक्षू अशी करून दिली आहे. गोव्याहून आलेल्या माणसाने असे म्हणणे भूगोलाच्या दृष्टीने सर्वस्वी खोटे नव्हते. पण ज्या वाचकाच्या दृष्टीने भारतातून येणारा भिक्षू म्हणजे बौद्धच, त्याने त्या पुस्तकाचा काय अर्थ लावला असेल, हे निराळे सांगावयास नको.

वस्त्रांतर

अर्थ कसा लावला गेला याचा पुरावा त्यांच्या दारावरच टांगलेला होता. झाओछिंगचा प्रांताधिकारी वांग पान याने स्नेहभावाने त्यांच्या वास्तूला दोन फलक भेट दिले. एकावर तिला ‘मंदिर’ म्हटले होते. हा शब्द बौद्ध विहारांसाठी रूढ होता. दुसऱ्यावरील मजकुराचा आशय पश्चिमेकडून आलेली सुखावती, म्हणजे अमिताभ बुद्धाची शुद्धभूमी, असा होता. यजमानाने पाहुण्यांना मोठ्या आदराने बौद्ध ठरवले होते, आणि पाहुण्यांनी ते फलक तितक्याच आदराने लावले.

याला त्यांचा वेशही कारणीभूत होता. डोके आणि दाढी भादरून त्यांनी भिक्षूंची वस्त्रे घेतली होती. त्यामागे तर्क होता. जपानात बौद्ध भिक्षूंची समाजात मोठी प्रतिष्ठा आहे, हे वालिन्यानोने प्रत्यक्ष पाहिले होते. चीन जपानचा शेजारी, तेव्हा तेथेही तसेच असणार, असे गृहीत धरले गेले. चिनी अधिकाऱ्यांनाही परक्या धर्मोपदेशकांसाठी हा वेश योग्य वाटला. परंतु मिंग राजवटीतील चीनमध्ये मान होता तो परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत असलेल्या पंडितवर्गाला. बौद्ध भिक्षूंना हा वर्ग बहुधा अल्पशिक्षित समजत असे. भिक्षूने अधिकाऱ्यासमोर गुडघे टेकावयाचे. बरोबरीने बसून चर्चा करणे हा पंडितांचा हक्क. एका देशातील निरीक्षण शेजारच्या देशाला जसेच्या तसे लावण्याची ही चूक बारा वर्षे टिकली.

ती दाखवून दिली एका शिष्याने. १५८९ मध्ये झाओछिंगमधून हुसकावले गेल्यावर रिच्ची शाओझोउ येथे राहू लागला. तेथे छू ताइसू नावाचा एका बड्या घराण्यातील, पण वारसा उधळून बसलेला पंडित त्याच्याकडे आला. हे परदेशी लोक पाऱ्यापासून चांदी करतात, अशी वदंता होती आणि छूला ती विद्या हवी होती. किमया काही मिळाली नाही, पण त्या नादात तो रिच्चीकडे गणित शिकला आणि त्याचा स्नेही झाला. भिक्षूचा वेश टाकून पंडितांचा वेश घ्या, हा सल्ला त्याचा. रिच्चीने तो वालिन्यानोपुढे मांडला. १५९४ मध्ये अनुमती मिळाली. १५९५ मध्ये, दाढी आणि केस वाढवलेला रिच्ची गडद रेशमी झगा आणि उंच टोपी घालून नानचांगच्या वाटेला लागला. अधिकारी त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने वागू लागले. त्याच वर्षी त्याने मैत्री या विषयावर चिनीत एक छोटे पुस्तक लिहिले, आणि चिनी पंडितांनी त्याचे फार कौतुक केले.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वस्त्र बदलल्याने प्रवेश मिळाला, परंतु तो टिकला भाषेमुळे. झग्याच्या आत चिनी ग्रंथ वाचणारा माणूस नसता, तर ते सोंग दोन दिवसांत उघडे पडले असते.

नकाशा, चित्र आणि पाठांतर

रिच्चीच्या इतर चुकाही अशाच बोलक्या आहेत. झाओछिंगच्या घरात युरोपातून आणलेला जगाचा नकाशा भिंतीवर होता. त्यात चीन पूर्वेच्या कडेला ढकललेला पाहून आलेले लोक चकित होत. काहींना तो आपला उपमर्द वाटे. रिच्चीने १५८४ मध्ये चिनी नावांसह नकाशा केला तेव्हा मध्यरेषा सरकवून चीनला मध्याजवळ आणले. पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशाचा मध्य कोठेही धरला तरी भूगोल खोटा होत नाही. युरोप मध्यभागी असणे हीदेखील एक सवयच होती, हे त्याला एका शिष्टाचाराच्या अडचणीने शिकवले. १६०२ मध्ये ली झिझाओ या विद्वान मित्राच्या साहाय्याने बीजिंगमध्ये छापलेल्या त्याच्या भव्य नकाशातही हीच मांडणी आहे.

वेदीवर कुमारी मेरी आणि बालयेशू यांचे चित्र ठेवले, तर या लोकांचा देव म्हणजे एक स्त्री आहे असा समज पसरला. तेव्हा तेथे ख्रिस्ताचे चित्र लावावे लागले. १६०० मध्ये बीजिंगच्या वाटेवर मा थांग या राजवाड्यातील खोजाने त्यांचे सामान तपासले. त्यात खिळ्यांनी ठोकलेल्या, रक्तबंबाळ माणसाची मूर्ती निघाली. हे सम्राटावर करणी करण्याचे साधन आहे, असा त्याचा ग्रह झाला. ज्या क्रूसाकडे पाहून ख्रिस्ती माणसाचे हात आपोआप जुळतात, तो संदर्भावाचून पाहणाऱ्याला किती भीषण दिसू शकतो, याची जाणीव रिच्चीला त्या दिवशी झाली असली पाहिजे.

शिक्षकांना विशेष रुचेल असा प्रसंग नानचांगचा आहे. रिच्चीची स्मरणशक्ती विलक्षण होती. चारपाचशे असंबद्ध चिनी अक्षरे एकदा वाचून तो ती सरळ आणि उलट म्हणून दाखवी. मनात एक प्रासाद उभा करून त्याच्या दालनांत आठवणी मांडून ठेवण्याची ही युरोपीय विद्या होती. प्रांतपाल लू वानगाई याच्या मुलांना शासकीय परीक्षा द्यावयाच्या होत्या. त्यांच्यासाठी रिच्चीने १५९६ मध्ये या विद्येवर चिनीत पुस्तक लिहिले. थोरल्या मुलाने ते लक्षपूर्वक वाचले. नियम उत्तम आहेत, परंतु ते वापरावयाचे तर आधीच स्मरणशक्ती फार चांगली असावी लागते, असा त्याने अभिप्राय दिला. वास्तविक घोकंपट्टीवर वाढलेल्या चिनी विद्यार्थ्यांना पाठांतर शिकवणे म्हणजे पाढे पाठ असलेल्याला बोटे मोजावयास शिकवण्यासारखे होते. विद्यार्थ्याला काय येत नाही, याचा विचार शिक्षक करतो; त्याला काय आधीच येते, हे पाहावयाचे राहून जाते.

शिकणारा शिकवू लागतो

दरम्यान रिच्ची स्वतः चिनी भाषेचा शिक्षक झाला होता. नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांना त्याने कन्फ्यूशियस परंपरेतील ‘चार ग्रंथ’ हेच पाठ्यपुस्तक लावले. चिनी मुले जी पुस्तके शिकतात, तीच परक्यानेही शिकावीत, हा त्याचा निर्णय होता. अध्यापनाच्या सोयीसाठी १५९३ च्या सुमारास त्याने त्यांचा लॅटिन अनुवाद सुरू केला. चित्रकाराच्या शाळेपासून हे फार पुढचे पाऊल होते. बाजारात बोलण्यापुरते शब्द आणि ज्या शब्दांत एखादा समाज विचार करतो ते शब्द, यांतील अंतर त्याने ओळखले होते.

सुरांची उणीवही भरून निघाली. १५९८ मध्ये बीजिंगमध्ये राहण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि मंडळी हिवाळ्यात नावेतून परत निघाली. त्या संथ प्रवासात रिच्ची, लाझ्झारो कात्तानेओ आणि चिनी बंधू सेबास्तियन फर्नांडिस यांनी शब्दांची नवी यादी करावयास घेतली. कात्तानेओ संगीताचा जाणकार होता. त्याच्या कानांनी सूर नेमके पकडले. पाच सुरांसाठी पाच चिन्हे आणि महाप्राणासाठी आणखी एक चिन्ह ठरवण्यात आले. यापुढे सर्वांनी एकाच पद्धतीने लिहावयाचे, प्रत्येकाने मनाला येईल तसे नाही, असा नियम रिच्चीने घालून दिला. याच पद्धतीवर निकोला त्रिगो याने १६२६ मध्ये हांगझोउ येथे पाश्चात्त्य विद्वानांच्या कानाडोळ्यांना साह्य करणारा मोठा उच्चारकोश प्रसिद्ध केला.

१६०१ मध्ये रिच्ची बीजिंगमध्ये स्थिरावला. सम्राट वानलीने त्याला कधी दर्शन दिले नाही, परंतु त्याने भेट दिलेली घड्याळे सम्राटाला आवडली आणि ती चालू ठेवणारी माणसे राजधानीत असणे सोयीचे ठरले. तेथे शू ग्वांगछी या विद्वान अधिकाऱ्याबरोबर त्याने युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा खंडांचा अनुवाद १६०७ मध्ये पूर्ण केला. रिच्चीने अर्थ सांगावयाचा आणि शूने शुद्ध चिनीत लिहावयाचे, अशी पद्धत होती. बिंदू, रेषा, पृष्ठ यांसाठी त्या ग्रंथात वापरलेले शब्द आणि भूमितीसाठीचा ‘जिहे’ हा शब्द चीनमध्ये आजही चालतात. परमेश्वराच्या नावावरून पुढे शंभर वर्षे भांडण झाले. त्रिकोणाच्या नावावरून झाले नाही.

न उमगलेली चूक

एवढा सावध, एवढा शिकाऊ वृत्तीचा माणूस. पण आपल्या दृष्टीने त्याची एक मोठी चूक शिल्लक राहते. पंडितांचा झगा घालताच त्याने बौद्धांना प्रतिस्पर्धी मानले. १६०३ च्या आपल्या मुख्य धर्मग्रंथात पुनर्जन्माचे खंडन करताना त्याने असे मांडले आहे, की ही कल्पना मूळची ग्रीक पायथागोरसची. ती भारतात झिरपली, शाक्यमुनीने तीत भर घातली आणि पुढे चिन्यांनी ती आपल्याकडे नेली. इतकेच नव्हे, तर भारत हा एक क्षुल्लक प्रदेश असून तेथे विद्या आणि सदाचार यांची परंपरा नाही, असेही त्याने चिनी वाचकांना सांगितले.

हे लिहिणारा माणूस गोव्यात आणि कोचीनमध्ये साडेतीन वर्षे राहिलेला होता. तो मनाने अनुदार होता असेही नाही. १५८१ मध्ये गोव्याहून रोमला वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात, भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांच्या वर्गांतून दूर ठेवण्याचा त्याने निषेध केला होता. तरीही ज्या देशाच्या ध्वनिशास्त्राच्या परिचयामुळे चिनी विद्वानांनी आपल्या व्यंजनांचे वर्गीकरण कित्येक शतके आधी केले होते, त्या देशात विद्या आहे हे त्याला दिसले नाही.

असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर रिच्चीच्या स्वभावापेक्षा त्या दोन ठिकाणांच्या परिस्थितीत आहे. गोव्यात पोर्तुगीज राज्य होते. देवळे पाडली गेली होती, १५६० पासून इन्क्विझिशन सुरू होते, आणि रिच्ची चीनमध्ये पोहोचल्यानंतर वर्षभरातच, १५८३ मध्ये, कुंकळ्ळी येथे त्याच वर्षीच्या ताफ्यातून आलेला रोडोल्फो आक्वाविवा आणि त्याचे चार जेझुईट सहकारी मारले गेले. तलवार पाठीशी असलेल्याला समोरच्याची भाषा शिकण्याची निकड भासत नाही. चीनमध्ये रिच्चीच्या पाठीशी काहीच नव्हते. एखाद्या प्रांताधिकाऱ्याची गैरमर्जी झाली, तर दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळावा लागे. तेथे त्याची प्रत्येक चूक त्याला भोगावी लागली, म्हणून ती त्याला कळली. गोव्यातील चुकांची किंमत दुसरेच कोणी मोजत होते.

याला सन्माननीय अपवाद होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुईट थॉमस स्टीफन्स याचा आणि रिच्चीचा भारतातील काळ एकमेकांत मिसळतो. स्टीफन्स साष्टीत राहिला, इथल्या भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत, परंतु रोमन लिपीत, छापून निघाले. कोकणी भाषेचे त्याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. चीनमध्ये रिच्चीने जे गरजेपोटी केले, ते साष्टीत स्टीफन्सने गरज नसताना केले. सत्तेने मात्र त्याचा कित्ता गिरवला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान काढले.

रिच्चीच्या पश्चात चीनमध्येही हाच प्रश्न उभा राहिला. परमेश्वरासाठी कोणता चिनी शब्द चालेल आणि पूर्वजांना वाहिलेला मान ही पूजा की शिष्टाचार, यावर युरोपात वाद पेटला. १७०४ आणि १७१५ मध्ये पोपने, चीनमध्ये पाऊल न ठेवता, निर्णय दिला: ‘थ्येनझू’ तेवढा चालेल, कन्फ्यूशियस आणि पूर्वज यांचे विधी चालणार नाहीत. चिनी भाषा आणि चिनी विधी यांचा अर्थ रोमने ठरवावा, हे खुद्द कांगशी सम्राटाला मान्य होण्यासारखे नव्हते. त्याने १७२१ मध्ये धर्मप्रचारावर बंदी घालण्याचे ठरवले. रोमने ती भूमिका सौम्य केली ती १९३९ मध्ये. शब्द मात्र राहिला. चीनमध्ये कॅथलिक पंथाला आजही ‘थ्येनझूचा धर्म’ असेच म्हणतात. झाओछिंगच्या त्या तरुणाने वेदीवर लिहिलेली अक्षरे साऱ्या निवाड्यांना पुरून उरली.

आपल्यापुरते

चिनी अधिकाऱ्यांना युरोपीय लोक ‘मँडरिन’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘मंत्री’ या शब्दावरून मलय आणि पोर्तुगीज मुखांतून फिरत तेथे गेला. त्या अधिकाऱ्यांच्या भाषेलाही तेच नाव पडले. शब्द असे प्रवास करतात, आणि माणसेही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपली अनेक घराणी आली ती दौलतीबरोबर, फौजेबरोबर आणि फडाबरोबर. त्या काळात शेजाऱ्याने आपली भाषा शिकावी, अशी अपेक्षा धरण्याची सोय आपल्याला होती. बेळगाव किंवा हैदराबाद येथील अनुभव निराळा आहे. बडोद्यात १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा कोश प्रसिद्ध झाला. तो सत्ता हाती असताना, कोणी भाग पाडलेले नसताना झाला, म्हणून त्याचे मोल मला अधिक वाटते.

आता संस्थाने नाहीत. आपली मुले शेजाऱ्यांच्या भाषांत शिकतात, आणि मराठी घरात मुद्दाम शिकवावी लागते. ती शिकवताना त्या मुलांना आधीच काय येते, त्यांच्या कानांना कोणते ध्वनी परके वाटतात, आपला एखादा शब्द त्यांच्या जगात कोणता निराळाच अर्थ घेऊन उभा राहतो, हे पाहणे आपल्या हाती आहे. बीजिंगमध्ये सम्राटाने दिलेल्या जमिनीवर रिच्चीची समाधी आहे. तिची दोनदा मोडतोड झाली, दोनदा ती पुन्हा उभारली गेली. तिच्या शिळेवर लॅटिनबरोबर चिनी मजकूर आहे, आणि त्यात त्याचे नाव चिनी लोकांनी उच्चारले तसे, ‘ली मातौ’, असे कोरलेले आहे.